घरखर्च कमी करण्याचे वचन मोडले, तर जाब कोणाच्या दारी मागायचा?

संभ्रमित मतदार (धागाकर्ता)

वीजबिल, इंधन, घरभाडे, शिक्षणशुल्क, प्रवासभाडे या रोजच्या खर्चाच्या बाबी निवडणूक जवळ आली की जाहीरनाम्याच्या पहिल्या पानावर येतात आणि मतमोजणी झाली की शेवटच्या पानावरही दिसत नाहीत. देश कोणताही घेतला तरी हा प्रकार थोड्याफार फरकाने सारखाच आहे, म्हणून हा प्रश्न एका पक्षाविषयी किंवा एका सरकारविषयी नाही.

एखाद्या विक्रेत्याने अमुक किमतीला माल देऊ असे छापून जाहिरात केली आणि पैसे घेतल्यावर हात वर केले, तर ग्राहकाला दाद मागण्यासाठी जागा असते. पक्षाने मात्र तुमचे बिल इतक्या रकमेने कमी करू असे छापील जाहीरनाम्यात सांगितले आणि सत्तेवर आल्यावर बिल वाढले, तर मतदाराने कुठे जायचे? त्याने आपली किंमत, म्हणजे मत, आगाऊ चुकती केलेली असते आणि ते परत घेता येत नाही.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. न्यायालयात जाता येते का, आणि येत नसेल तर का? पुढच्या निवडणुकीत पाडणे हाच उपाय असेल, तर तो प्रत्यक्षात लागू पडतो का? तिसरी शंका मला अधिक छळते. प्रत्येक सरकार सांगते की आम्ही प्रामाणिक प्रयत्न केले, पण जगभरातच भाव वाढले. हे कारण केव्हा खरे असते आणि केव्हा ती नुसती सबब असते, हे अर्थशास्त्र न शिकलेल्या माणसाने कसे ओळखायचे?

कृपया आपापल्या पक्षाची वकिली येथे करू नये, ही विनंती.

कायद्याचा विद्यार्थी

पहिल्या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ सर्वत्र नकारार्थी आहे, परंतु त्यामागची कारणे जाणून घेण्याजोगी आहेत.

घरखर्चाशी थेट जोडलेला सर्वांत गाजलेला खटला लंडनचा आहे, आणि गंमत अशी की तो वचन पाळले म्हणून उभा राहिला. मे १९८१ मध्ये मजूर पक्षाने ग्रेटर लंडन कौन्सिलची, म्हणजे महानगर परिषदेची, निवडणूक जिंकली, तेव्हा बस आणि भुयारी रेल्वेचे भाडे २५ टक्क्यांनी कमी करण्याचे वचन त्याच्या जाहीरनाम्यात होते. ऑक्टोबरमध्ये भाडे खरोखरच उतरले. तूट भरून काढण्यासाठी मालमत्तेवरील स्थानिक कर वाढवावा लागला. ब्रॉम्ली हा लंडनच्या कडेचा भाग. भुयारी रेल्वे तिथपर्यंत पोचतच नव्हती, कराचा बोजा मात्र तिथल्या रहिवाशांवरही पडणार होता. ब्रॉम्लीची स्थानिक परिषद न्यायालयात गेली आणि डिसेंबर १९८१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सच्या (तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाच्या) न्यायाधीशांनी एकमताने ती भाडेकपात बेकायदा ठरवली. जाहीरनाम्यात लिहिले आहे, एवढ्यावरून लोकप्रतिनिधींनी स्वतःला जखडून घेऊ नये, निवडून आल्यावर त्यांनी करदात्यांसह सर्वांच्या हिताचा नव्याने विचार करावा, असे त्या निकालात बजावले होते. पुढच्या मार्चमध्ये भाडे जवळपास दुप्पट झाले.

याच्या उलट, वचन मोडले म्हणून न्यायालयात गेलेल्यांनाही यश मिळालेले नाही. युरोपीय संघाच्या लिस्बन कराराच्या वेळी ब्रिटनमध्ये सार्वमताचे आश्वासन पाळले गेले नाही, तेव्हा इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने २००८ मध्ये हा राजकारणाच्या कक्षेतला विषय आहे, असे सांगून हात घालण्यास नकार दिला. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ जुलै २०१३ रोजी, जाहीरनाम्यातील आश्वासने ही लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ खाली भ्रष्ट आचरण ठरत नाहीत, असा निकाल दिला. मात्र जाहीरनाम्यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे आखण्यास निवडणूक आयोगाला सांगितले. त्यानुसार आश्वासनामागची कारणमीमांसा आणि पैसा कुठून उभा करणार याची ढोबळ रूपरेषा जाहीरनाम्यात असावी, अशी अपेक्षा आदर्श आचारसंहितेत नोंदवली गेली. त्या आचारसंहितेला स्वतःचे कायद्याचे बळ नाही, हेही लक्षात ठेवावे लागते.

मला स्वतःला न्यायालयांची ही भूमिका योग्य वाटते. वचन करारासारखे बंधनकारक केले, तर परिस्थिती पालटल्यावरही चुकीचा निर्णय राबवणे सरकारला भाग पडेल. शिवाय ज्यांनी त्या पक्षाला मत दिलेच नाही, त्यांच्या पैशातून तो करार पाळला जाईल. ब्रॉम्लीचे म्हणणे नेमके हेच होते.

जुनी खोड

एवढा काथ्याकूट कशासाठी, हे समजले नाही. निवडणुकीतले बोलणे हे लग्नात मध्यस्थाने केलेल्या वर्णनासारखे असते. ऐकणाऱ्यालाही ते ठाऊक असते आणि बोलणाऱ्यालाही. सर्वच पक्ष तोंडाला पाने पुसतात. ज्याने कमी पुसली त्याला मत द्यावे आणि मोकळे व्हावे.

आकडेमोड

'जुनी खोड' यांचे म्हणणे ऐकायला चटकदार असले, तरी पुराव्याच्या बाजूने फारसे टिकत नाही. राज्यशास्त्राचे अभ्यासक रॉबर्ट थॉमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ देशांतील ५७ निवडणुकांमधील २० हजारांहून अधिक आश्वासनांचा माग काढून २०१७ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात सत्तेवर आलेले पक्ष आपली बरीचशी आश्वासने, निदान अंशतः, पाळतात असे आढळले. एकपक्षीय सरकारे आघाडी सरकारांपेक्षा अधिक पाळतात, हेही दिसले. सगळेच खोटे बोलतात असे म्हटले की खोटे बोलणारा आणि खरे बोलणारा एकाच रांगेत उभे राहतात, आणि त्याचा फायदा पहिल्यालाच होतो.

आता मूळ धाग्यातील तिसऱ्या शंकेकडे वळतो, कारण माझ्या मते साऱ्या गोंधळाचे मूळ तिथे आहे. महागाईविषयीची आश्वासने दोन जातींची असतात. एका जातीत सरकार स्वतः करावयाच्या कृतीचे वचन देते: अमुक कर उतरवू, अमुक अनुदान देऊ, अमुक दरावर मर्यादा घालू. दुसऱ्या जातीत ते परिणामाचे वचन देते: तुमचे बिल इतके होईल, महागाई इतकी खाली येईल. कृती सरकारच्या हातात असते. परिणाम मात्र कच्च्या तेलाचे भाव, युद्धे, चलनाचा विनिमय दर, मध्यवर्ती बँकेचे व्याजदर आणि पाऊसपाणी यांच्याही हातात असतो. या दोहोंचा जाब एकाच पद्धतीने मागितला, की निष्कर्ष चुकतात.

ब्रिटनमधली दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहावीत. हुजूर पक्षाने २०१७ मध्ये घरगुती वीज आणि गॅसच्या दरांवर कमाल मर्यादा घालण्याचे वचन दिले, २०१८ मध्ये कायदा केला आणि १ जानेवारी २०१९ पासून मर्यादा लागू केली. कृतीचे वचन तंतोतंत पाळले गेले. तरीही सर्वसाधारण वापराच्या घराचे वार्षिक बिल मर्यादेखालीच ऑक्टोबर २०२१ मधील १,२७७ पौंडांवरून एप्रिल २०२२ मध्ये १,९७१ पौंडांवर गेले, कारण घाऊक बाजारात गॅसचा भाव चढला की मर्यादाही चढवावी लागते. ऑक्टोबर २०२२ साठी तर ३,५४९ पौंडांचा आकडा जाहीर झाला होता. शेवटी सरकारने स्वतःच्या खिशातून भर घालून ते बिल २,५०० पौंडांच्या आसपास रोखले. दुसरे उदाहरण तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांचे. जानेवारी २०२३ मध्ये त्यांनी वर्षाअखेर महागाईचा दर निम्म्यावर आणण्याचे वचन दिले, तेव्हा तो दहा टक्क्यांच्या वर होता; ऑक्टोबर २०२३ चा आकडा ४.६ टक्के आला. वचन अंकगणिताने पुरे झाले. पण ऊर्जेचे उतरलेले भाव आणि बँक ऑफ इंग्लंडचे व्याजदर यांचा त्यात मोठा वाटा होता, आणि दर निम्मा होणे म्हणजे किमती उतरणे नव्हे. किमती वाढतच राहतात, फक्त त्यांचा वेग कमी होतो. घर चालवणाऱ्याला बिल दिसते, वेग दिसत नाही. जुलै २०२४ मध्ये त्यांचा पक्ष १२१ जागांवर आला. त्या पराभवाची इतरही कारणे होती, हे मान्य करूनच हे लिहीत आहे.

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण याहून बोलके आहे. तेथील मजूर पक्षाने डिसेंबर २०२१ मध्ये, विरोधी बाकांवर असताना, आपल्या धोरणामुळे २०२५ पर्यंत सरासरी घराचे वीजबिल वर्षाला २७५ डॉलरने कमी होईल, असे सांगितले. रक्कम होती, मुदत होती, कोणाचे बिल तेही स्पष्ट होते. वचन असावे तर असे, असे प्रथमदर्शनी वाटावे. मात्र तो आकडा एका खासगी संस्थेच्या प्रतिमानातून निघालेला अंदाज होता आणि प्रचारात तो अंदाज म्हणून उरला नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झाले, कोळसा आणि गॅस महागले, आणि सत्तेवर आल्यावर ऑक्टोबरच्या पहिल्याच अर्थसंकल्पात दोन वर्षांत विजेचे दर एकूण ५६ टक्क्यांनी वाढतील, असा अंदाज त्याच सरकारला छापावा लागला. नंतर २०२४-२५ साठी प्रत्येक घराला ३०० डॉलरची सवलत देण्यात आली. ती सवलत सरकारी तिजोरीतून आली. वीज स्वस्त झाली नव्हती.

जगातले भाव वाढले हे कारण येथे खरे होते, म्हणून मी पक्षाला खोटारडा म्हणणार नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. बाहेरच्या घटनांनी कोसळू शकणारा आकडा दिला, तर तो कोणत्या गृहीतकांवर उभा आहे आणि ती बदलली तर आम्ही काय करू, हेही त्याच श्वासात सांगण्याची जबाबदारी देणाऱ्यावर येते. ज्याने हे आधी सांगितले, त्याचे पुढचे कारण कारण मानावे. ज्याने ते हरल्यावर शोधून काढले, त्याची सबब समजावी.

संभ्रमित मतदार

'आकडेमोड' यांचे आभार. कृती आणि परिणाम यांतला फरक माझ्या ध्यानात आला नव्हता. पण मग एक अडचण उभी राहते. कृतीचाच जाब मागायचा ठरवला, तर पक्ष स्वस्तात सुटतात, असे होत नाही का? कायदा केला, वचन पाळले, बिल वाढले ते वाढले. आणि ऑस्ट्रेलियात पुढच्या निवडणुकीत मतदारांनी काय केले, हे आपण लिहिले नाही.

आकडेमोड

मे २०२५ मध्ये तोच पक्ष १५० पैकी ९४ जागा जिंकून अधिक मोठ्या बहुमताने परत आला. मुद्दाम वगळले नव्हते, पण आपण नेमके दुखऱ्या जागी बोट ठेवले. एका मतात वीजबिल, आरोग्य, परराष्ट्र धोरण, विरोधी नेत्याविषयीचे मत असे सगळे एकत्र बांधलेले असते, त्यामुळे त्या मताने एका वचनाचा हिशेब चुकता होईल, अशी खात्री देता येत नाही. बिंगहॅम पॉवेल आणि गाय व्हिटन या राज्यशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये दाखवून दिले की आर्थिक कामगिरीबद्दल सरकारला शिक्षा किंवा बक्षीस देण्याचे काम मतदार तिथेच चांगले करतात, जिथे जबाबदारी कोणाची हे स्पष्ट असते. आघाड्या आणि विभागलेली सत्ता असली की बोटे एकमेकांकडे वळतात.

शिक्षा होतच नाही, असेही नाही. ब्रिटनमध्ये निक क्लेग यांच्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाच्या उमेदवारांनी २०१० मध्ये शिक्षणशुल्क वाढवण्याच्या विरोधात मत देऊ, अशा प्रतिज्ञापत्रांवर सह्या केल्या आणि डिसेंबरमध्ये आघाडी सरकारात बसून शुल्काची कमाल मर्यादा ९,००० पौंडांपर्यंत नेणाऱ्या प्रस्तावाला त्यांच्यातील अनेकांनी पाठिंबा दिला. २०१२ मध्ये क्लेग यांनी जाहीर माफी मागितली, २०१५ मध्ये पक्ष ५७ जागांवरून ८ वर आला. त्यांचे वचन स्वतःच्या हाताने मत देण्याचे होते. युद्ध, तेल, बाजार यांपैकी कशालाही त्याचा दोष देता येत नव्हता, आणि म्हणूनच ते इतके झोंबले, असे मला वाटते.

सभागृहाचा प्रेक्षक

चर्चेत न्यायालय आणि मतपेटी हे दोन दरवाजे आले, तिसरा राहून गेला. दोन निवडणुकांच्या मध्ये जाब विचारण्याची जागा सभागृह आहे, आणि ती कधी कधी खरोखर काम करते.

१९९२ च्या प्रचारात ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान, हुजूर पक्षाचे जॉन मेजर यांनी मूल्यवर्धित कराची व्याप्ती वाढवण्याचा आपला इरादा नाही आणि तशी गरजही नाही, असे सांगितले होते. निवडणूक जिंकून वर्ष होते न होते तोच, मार्च १९९३ मध्ये, अर्थमंत्री नॉर्मन लॅमाँट यांनी घरगुती इंधन आणि विजेवर हा कर बसवण्याचे जाहीर केले: एप्रिल १९९४ पासून ८ टक्के आणि पुढच्या एप्रिलपासून १७.५ टक्के. घर उबदार ठेवण्याच्या खर्चावर कर म्हटल्यावर वृद्धांपासून सर्वांना तो जाणवला. मे आणि जुलै १९९३ मध्ये न्यूबरी आणि क्राइस्टचर्च येथील हक्काच्या जागा पोटनिवडणुकीत सत्ताधाऱ्यांच्या हातून गेल्या, आणि दोन्ही ठिकाणी हा कर प्रचाराचा मोठा विषय होता. पहिला टप्पा तरीही लागू झाला. दुसऱ्या टप्प्याच्या वेळी मात्र सत्ताधारी पक्षातलेच काही सदस्य फिरले आणि ६ डिसेंबर १९९४ रोजी सरकार ३११ विरुद्ध ३१९ मतांनी हरले. नवे अर्थमंत्री केनेथ क्लार्क यांनी ती उणीव दारू, तंबाखू आणि पेट्रोलवरील शुल्क वाढवून भरून काढली. पुढे १९९७ मध्ये मजूर पक्षाने हा कर ५ टक्क्यांवर आणण्याचे वचन दिले आणि त्याच वर्षी सप्टेंबरपासून आणला.

या प्रकरणात जाब कोणी मागितला? दोन मतदारसंघांतील मतदारांनी आणि आपल्या जागेची धास्ती वाटू लागलेल्या मागच्या बाकांवरील सदस्यांनी. पक्षादेश मोडल्यास सदस्यत्वच जाते अशी व्यवस्था जिथे आहे, तिथे हे घडणे फार अवघड आहे. पक्षांतरबंदीचे इतर फायदे काही असोत, मोडलेल्या वचनाचा जाब आतून मागण्याचा मार्ग ती अरुंद करते. या बाजूची चर्चा व्हावी तितकी होत नाही.

'संभ्रमित मतदार' यांनी नंतर काढलेल्या शंकेबद्दल: कृतीचे वचन पाळूनही पक्ष स्वस्तात सुटू नये, हे बरोबर आहे, पण वचन अक्षरशः पाळत राहणेही नेहमी स्वस्त नसते. हंगेरीत व्हिक्टर ओर्बान यांच्या सरकारने २०१३ पासून घरगुती वीज आणि गॅसचे दर खाली आणून तसेच ठेवले आणि त्याचे राजकीय श्रेय वर्षानुवर्षे घेतले. एप्रिल २०२२ च्या निवडणुकीतही तोच प्रचार झाला. ऑगस्टपासून, म्हणजे जेमतेम चार महिन्यांत, सरासरीपेक्षा अधिक वापर करणाऱ्या घरांना त्या जादा वापरासाठी कितीतरी चढा दर द्यावा लागू लागला. फरक कोण भरतो आहे, हा प्रश्न निवडणुकीआधी विचारला गेला असता तर?

कायद्याचा विद्यार्थी

तो प्रश्न आधी विचारण्याची व्यवस्था काही देशांनी केली आहे. नेदरलँड्समध्ये केंद्रीय नियोजन कार्यालय १९८६ पासून पक्षांच्या जाहीरनाम्यांचा हिशेब करून देते: तिजोरीवर काय भार पडेल, कोणत्या गटाच्या क्रयशक्तीवर काय परिणाम होईल, हे मतदानाआधी सर्वांसमोर येते. सहभाग ऐच्छिक आहे आणि काही पक्ष त्यापासून दूर राहतात, पण दूर राहणे हीदेखील मतदाराला मिळालेली एक माहितीच आहे. ऑस्ट्रेलियात २०१२ पासून संसदीय अर्थसंकल्प कार्यालय हे काम करते आणि निवडणुकीनंतर मोठ्या पक्षांच्या आश्वासनांचा अहवालही देते. २७५ डॉलरचा घोळ तिथेच झाला, हे मी विसरलेलो नाही. ही कार्यालये मुख्यतः सरकारी खर्च मोजतात, तुमचे-आमचे बिल नाही.

मला या संदर्भात मध्यवर्ती बँकांकडे पाहावेसे वाटते. ब्रिटनमध्ये महागाई उद्दिष्टापासून एक टक्क्याहून अधिक दूर गेली की बँकेच्या गव्हर्नरला अर्थमंत्र्यांना खुले पत्र लिहून, असे का झाले आणि आता काय करणार, हे सांगावे लागते. असे पहिले पत्र एप्रिल २००७ मध्ये लिहिले गेले. भारतातही सरासरी महागाई सलग तीन तिमाही २ ते ६ टक्क्यांच्या पट्ट्याबाहेर राहिली, तर रिझर्व्ह बँकेला सरकारला कारणे आणि उपाय कळवावे लागतात, आणि २०२२ मध्ये ती वेळ आली. पत्र लिहिल्याने महागाई उतरत नाही, हे खरे. तरीही निवडून न आलेल्या अधिकाऱ्यावर कारण देण्याचे बंधन आहे आणि ज्याने आकडा सांगून मते घेतली त्याच्यावर नाही, ही विसंगती मला खटकते. मुदत उलटल्यावर प्रत्येक आकडेबद्ध आश्वासनाविषयी मंत्र्याने सभागृहात लेखी निवेदन ठेवावे, एवढी तरतूद करायला न्यायालयाची गरज नाही. सभागृहाच्या कामकाजाचे नियम बदलले तरी पुरे.

जुनी खोड

निवेदन आले तरी ते वाचणार कोण?

कायद्याचा विद्यार्थी

विरोधी पक्ष वाचेल, कारण त्याला त्यात रस असतो. मेजर यांचे १९९२ चे वाक्य १९९४ मध्ये कोणीतरी शोधून काढून सभागृहात वाचलेच होते की!

संभ्रमित मतदार

सर्वांचे आभार. मी एवढे करायचे ठरवले आहे: पुढच्या निवडणुकीत घरखर्चाविषयीचे प्रत्येक आश्वासन वहीत उतरवून त्यासमोर ते कृतीचे की परिणामाचे, मुदत कोणती, फरक कोण भरणार आणि तुलना कोणत्या वर्षाच्या बिलाशी, एवढे लिहीन. जिथे रकाना रिकामा राहील, तिथे उमेदवाराला पत्र पाठवून विचारीन. उत्तर आले तर याच धाग्यावर देईन.

आकडेमोड

तुलनेचे वर्ष पहिल्या रकान्यात घ्यावे. रक्कम आणि मुदत छापलेली असते, त्यामुळे ती बदलता येत नाही. तुलनेचे वर्ष मात्र सोयीप्रमाणे पुढे सरकवता येते, आणि तसे झाले की वाढलेले बिलसुद्धा कमी झाल्यासारखे दाखवता येते.